पोटाचे जुने विकार आणि एकत्रित उपचार

(भाषणाचा मजकूर)



इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराच्या मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडले, तर ते दुखणे पोटापुरते राहत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जावे लागते. कारखान्यात धड संडास नसला की खाडा होतो, आणि खाडा म्हणजे मजुरी बुडाली. हा विकार वर्षानुवर्षे चालतो. बरे वाटले म्हणून औषध थांबवले, तर तो पुन्हा उसळतो.

निदानाचा प्रश्न याहून बिकट आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोहनचा विकार यांची लक्षणे जवळजवळ सारखी, उपचार मात्र निराळे. क्षयरोग्याला क्रोहनचा रुग्ण समजून स्टेरॉइड दिले, तर क्षय बळावतो. क्रोहनच्या रुग्णाला क्षयाची औषधे दिली, तर मोलाचे महिने वाया जातात. हा गुंता एकट्या डॉक्टरला सुटणारा नाही. आतड्याचा तुकडा तपासणारा, क्ष-किरण चित्रे वाचणारा, पोटाचा तज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसले पाहिजे. त्यांच्या जोडीला आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि समुपदेशकही हवेत.

आज ही माणसे वेगवेगळ्या दारांआड बसतात आणि रुग्ण फाइल काखोटीला मारून दारोदार हिंडतो. खासगीत प्रत्येक दारी फी वेगळी. चंदगडच्या शेतमजुराला तर एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज हीच पहिली फी. सरकारी विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. हा रुग्ण मात्र बहुतेक काळ घरीच औषधे घेत असतो.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्यांनी जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून त्या दुष्काळी मुलखात डॉक्टर, परिचारिका आणि गावच्या आरोग्यसेविका यांचा एक संघ उभा केला. त्या सेविकांत अनेक दलित, निरक्षर स्त्रिया होत्या. संघ उभारताना डॉक्टरला आपले ज्ञान आणि अधिकार वाटून द्यावे लागतात, हा तेथला धडा आहे.

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तेथील संबंधित विभागांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र बसावे. रुग्णाचा केसपेपर एकच असावा. पुढील औषधे गडहिंग्लजसारख्या ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयातून नियमित मिळावीत. गावात आशा सेविकेने विचारपूस करावी आणि त्या कामाचा मोबदला तिला मिळावा. यंत्रमाग कारखान्यांत पुरेसे संडास असावेत. कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील अशा रुग्णांना एकत्र आणून, त्यांच्यासह या मागण्या अधिष्ठात्यांपुढे मांडाव्यात.