डोंगराची रात्रपाळी



मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकावर झाले. तेथे एक धडा लवकर मिळाला. दिवसा दिसला नाही म्हणून कामगार गैरहजर ठरत नाही. तो रात्रपाळीचा असू शकतो. डोंगराविषयी मला आज हेच सांगायचे आहे.

आमच्या पावण्याच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दहाबारा कामगारांनी तेथील एक मोडलेली पायवाट रविवारी दुरुस्त करायला घेतली. वाट दोन कारणांनी मरते. एक पाणी, दुसरी आडवाट. पावसाचे पाणी वाटेवरून धावू लागले की वाटेचा ओढा होतो. म्हणून जागोजाग दगडांची तिरकस ओळ बसवून ते बाजूला काढावे लागते. वाट खचली की माणसे कडेने चालतात आणि कडेचीही माती जाते. त्या आडवाटा आम्ही करवंदीच्या काट्यांनी बंद केल्या.

इथवर ठीक झाले. मग झाडे लावण्याचा उत्साह आला. वैशाखात कडेची जमीन बोडकी दिसत होती. गिरिपुष्प लवकर वाढते म्हणून त्याच्या फांद्यांसाठी आम्ही खड्डे खणले. मातीबरोबर वाटोळे कंद वर आले, ते फेकून दिले. मोळी घेऊन चाललेली एक आदिवासी म्हातारी थांबली. म्हणाली, "दादा, हे शेवळाचे कांदे. मृगात आम्ही काय विकायचं?"

मी खजील झालो. शेवळे तुम्ही सर्वांनी काकड घालून खाल्ली आहेत. पहिल्या पावसात त्याचा तुरा येतो, मागाहून पान. ते पान चार महिने राबून कंदात पुढल्या सालाची शिदोरी भरते आणि सुकून जाते. रानहळदीचेही तसेच. आणि मुसळी? तिच्या एका जातीला 1950 च्या दशकात फादर सांतापाउ आणि फर्नांडिस यांनी खाडीपलीकडच्या बोरिवलीचे नाव दिले. औषधासाठी तिची मुळे इतकी खणली गेली की रानात ती दुर्मीळ झाली.

आम्ही खड्डे बुजवले. कंद गोळा करून वाटेपासून दूर, तशाच मातीत, तितक्याच खोलीवर लावले. निम्मेसुद्धा उगवले नाहीत. ती चूक आमच्या खात्यावर आहे.

कर्नाळ्याचे अभयारण्य 1968 साली झाले. तेथे आखून दिलेल्या निसर्गवाटा आहेत. त्या सोडून चालणाऱ्याला वाटते, उघड्या मातीवर पाय दिला तर काय बिघडले? उघड्या मातीखाली कोणी निजले आहे, हे त्याला ठाऊक नसते.

लावलेल्या रोपांचा आकडा अहवालात येतो. मेलेल्या कंदांचा येत नाही. म्हणून माझी मागणी एकच आहे. खड्डा खणण्याआधी एक पावसाळा हजेरी घ्या. मृगापासून दसऱ्यापर्यंत त्याच वाटेने फिरा, उगवेल त्याजवळ दगड मांडून खूण करा, आणि रानभाजी विकणाऱ्या बायांना नावे विचारा. त्यांचा हजेरीपट तोंडपाठ असतो.

पाऊस जवळ आला आहे. यंदा कुदळीआधी वही घ्या.