कुंपणासाठी निर्गुडी



वास्तूभोवती हिरवाई असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे; परंतु केवळ शोभा पाहून केलेली निवड महागात पडते. मूळची अमेरिका खंडातील घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेच्या शोभेसाठी भारतात आणली गेली. पक्ष्यांनी फळे खाऊन तिचे बी सर्वत्र नेले. आज डोंगरउतारांवर तिच्या दाट जाळ्यांखाली गवत व देशी रोपे वाढू शकत नाहीत.

म्हणून कुंपणासाठी आपली निर्गुडी सुचवावीशी वाटते. तिची फुले निळसर-जांभळी. त्यांवर मधमाश्या येतात. उग्र वासाच्या पाल्यामुळे गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे छाट फूटफूट अंतरावर लावावेत. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावे. पुढे ती स्वबळावर तगते. बांधावर, ओढ्याकाठी तिची मुळे माती धरून ठेवतात. छाटणीचा पाला वाळवून धान्यात ठेवण्याची रीतही जुनीच आहे.

शोभा, राखण आणि मृदासंधारण ही तिन्ही कामे एकाच झुडपाने साधतात. येत्या पावसाळ्यात आपल्या आवाराची निदान एक बाजू निर्गुडीची व्हावी, एवढीच नम्र विनंती.