लिंबोणीवरची मुंगी : चोर कोण व राखणदार कोण?

(सावली येथे शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे मुंगीविषयी बोलणार आहे. मास्तराला दुसरा विषय सापडला नाही काय, असे कोणी मनात म्हणेल. परंतु ज्या घरच्या वाडीत दोनचार लिंबोण्या आहेत आणि त्यांच्या फळांवर ज्या घरचा मिठातेलाचा खर्च भागतो, त्या घरास हा विषय लहान नाही. आपला सावली तालुका धानाचा. संत्र्यांचे मोठाले बगीचे नागपूर-अमरावतीकडे. आपल्याकडे लिंबोणी वाढते ती वाडीत, सांडपाण्यावर. म्हणून तिच्या दुखण्याकडे कोणी पाहत नाही, आणि ती वाळली म्हणजे आपण दैवाला बोल लावून मोकळे होतो.

माझ्या शेजारी एक विधवा बाई राहतात. त्यांच्या चार लिंबोण्या होत्या. मागे एकदा त्यांची पाने काळी पडू लागली व खोडावर मुंग्यांची रांग लागली. एकाने सांगितले, नजर लागली. त्याने उतारा काढून कोंबडे नेले. दुसऱ्याने जहाल भुकटी उधारीवर दिली. रांग आठ दिवस नाहीशी झाली व पुन्हा लागली. तिसऱ्याने बुंध्यावर रॉकेल ओतावयास सांगितले. त्याने साल जळून एक झाड मेले. सांगावयास लाज वाटते, पण तो तिसरा मीच! आम्ही तिघे शहाणे, पण तिघांपैकी एकानेही पान उलटून पाहिले नव्हते. ते पाहिले माझ्या शाळेतील चौथीच्या एका मुलीने. ती म्हणाली, "गुरुजी, मुंगी पान खातच नाही. ती दुसऱ्याच किड्याला चाटते."

बंधूंनो, सगळे मर्म ह्यातच आहे. लिंबोणीच्या कोवळ्या फुटीवर मावा, पिठ्या ढेकूण व खवले कीड बसते. ही कीड झाडाचा रस शोषते आणि पचला नाही तेवढा गोड चिकट रस अंगाबाहेर टाकते. तो रस मुंगीचे दूध होय. गुराखी जशी गाई राखतो, तशी मुंगी ह्या किडीला राखते. तिला खाणारा ढालकिडा आला की त्याला हाकलून लावते. उरलेला चिकट रस पानावर सांडतो, त्यावर काळी बुरशी धरते, तिलाच बागाईतदार कोळशी म्हणतात. म्हणजे पान काळे पडते ते नजरेने नव्हे, आणि मुंगीच्या चावण्यानेही नव्हे. चोर रस पिणारी कीड. मुंगी त्या चोराची राखणदार.

ढालकिड्याचे बळ केवढे असते ते ऐका. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात एका पांढऱ्या खवले किडीने संत्र्यालिंबांच्या बागा बुडत चालल्या होत्या. 1888 साली ऑस्ट्रेलियातून एक लहानसा ढालकिडा आणून तेथे सोडला, आणि दोनेक वर्षांत बागा सावरल्या. असा मित्र आपल्या वाडीतही असतो. मुंगी त्याला काम करू देत नाही, आणि जहाल भुकटी तर त्यालाच आधी मारते.

आता ओळख. खोडावर रांगेने चढणाऱ्या काळ्या मुंग्या व मुंगळे दिसले, तर वर रसाची कीड आहे असे समजा. जमिनीत राहणाऱ्या काही लाल, कडकडून चावणाऱ्या मुंग्या कोवळ्या रोपाची साल कुरतडतात. तेथे रोपाचा बुंधा तपासा. उधळी मात्र मुंगीच नव्हे. मुंगीची कंबर बारीक व मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. उधळीचे अंग पांढरट, मऊ, कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. ती सालीवर मातीचे लिंपण करून आत चरते. वारूळ बांधते तीच. नाग तेथे बिऱ्हाडकरू. वारुळाला हळदकुंकू वाहून उधळी जात नाही. लिंपण खरवडा, कच्चे शेणखत बुंध्याशी घालू नका, झाडाला पाण्याचा ताण पडू देऊ नका.

उपाय क्रमाने करा. पहिला, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटा व तण काढा, म्हणजे मुंगीला खोडावाचून वाट राहणार नाही. दुसरा, कडूनिंबाच्या अर्धा किलो वाळल्या निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून 10 लिटर पाणी करा, थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या अंगास फवारा. तिसरा, खोडास चिखल लिंपून त्यावर वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा व पट्टीवर ग्रीस लावा. ग्रीस सालीस लागू देऊ नका. धूळ बसली की ते नव्याने लावा. चौथा, 1 लिटर पाण्यात 250 ग्रॅम साखर व 10 ग्रॅम टाकणखार विरघळवून त्यात कापूस भिजवा. तो बारीक भोकांच्या झाकणाच्या डब्यात घालून, मुले व गुरे ह्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही असा रांगेजवळ ठेवा. टाकणखार वाढवू नका. मुंगी वाटेतच मेली तर विष राणीपर्यंत पोचत नाही. हळू मारणारेच वारसासकट मारते. ह्याला काही आठवडे लागतात. कोणाच्या घरी जुनी बी.एच.सी. पावडर असेल, तर ती मुळीच वापरू नका. तिच्यावर 1997 सालापासून बंदी आहे.

एका मुंगीविषयी मात्र हात आखडा. पाने शिवून झाडावर घर करणारी तांबडी मुंगी, जिला कोणी ओंबील म्हणतात, ती पाने खाणाऱ्या अळ्या मारते. इ. स. 304 मधल्या मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात लिहिले आहे, की दक्षिणेकडे लोक हिची घरटी बाजारात विकत घेऊन लिंबूवर्गी झाडांवर सोडीत. तीही कधी पिठ्या ढेकूण व खवले कीड राखते. तसे दिसले तर तेवढी डहाळी कापा. पण तिच्या घरट्यावर विष फवारू नका. आपल्या गडचिरोलीकडचे माडिया गोंड बंधू तिची चटणी खातात. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच काई चटणीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपण ज्याला कीड म्हणतो ते शेजाऱ्याचे अन्न आहे, एवढी जाण असावी.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा आसूड' लिहून आपल्या दैन्याचे मूळ अविद्येत दाखविले. अविद्या म्हणजे नुसते अक्षर न येणे नव्हे. दुसऱ्याने सांगितले ते न पाहता मानणे, हीही अविद्याच. शेजारच्या बाईंनी मग फांद्या छाटल्या, निंबोळीचे पाणी फवारले, पट्टी बांधली. उरलेल्या तीन लिंबोण्यांना नवी फूट आली. मेलेली मात्र परत येत नाही, आणि तिचे देणे माझ्याकडे लागते. म्हणून हे भाषण. घरी जा, आपल्या मुलीला बरोबर घ्या, आणि लिंबोणीचे एक पान उलटून पाहा. माझ्याही शब्दावर विश्वासू नका.