सातबाऱ्यावर तिचे नाव

शेतकरी कुटुंबात स्त्रीकडून दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात: तिने राबावे आणि वाटणीच्या वेळी मागे सरावे. पहिलीला कर्तव्य म्हणतात, दुसरीला संस्कार. दोन्हींचा हिशेब शेवटी जमिनीपाशी येतो.

जुन्नर तालुक्यातल्या येडगावचे उदाहरण घ्या; कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी ते एक. धरणाच्या पाण्याने परिसरात ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे आली आणि स्त्रियांचे काम वाढले. टोमॅटोची लागण, खुरपणी, सुतळीने झाडांची बांधणी, तोडा, निवड आणि क्रेट भरणे ही कामे मुख्यतः बायकांच्या हातची. क्रेट नारायणगावच्या बाजारात गेले की विक्रीची पट्टी मात्र बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावे होते. सोसायटीचे पीककर्ज, पाणी-अर्ज, नुकसानभरपाई, शेतकरी सन्मान निधी हे सारे सातबारा पाहून मिळते. ज्या बाईचे नाव उताऱ्यावर नाही, ती आयुष्यभर शेत करूनही सरकारदरबारी शेतकरी ठरत नाही.

स्त्रीकडून त्यागाच्या अशा अपेक्षा जुन्या आहेत. जुन्नर तालुक्यातल्याच नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. अभ्यासक तो सातवाहन राणी नागनिकेशी जोडतात. त्यात यज्ञांची आणि गायी, घोडे, गावे, कार्षापणे यांच्या दानांची नोंद आहे. त्याच लेखात महिनाभर उपवास करणारी, घरात तपस्विनीसारखी राहणारी असे राणीचे वर्णनही येते. संपत्तीशी आणि राजसत्तेशी जोडलेल्या स्त्रीचा मोठेपणाही व्रतस्थ वागण्याने सिद्ध व्हावा लागला.

अपेक्षा टिकल्या, कायदा मात्र पायरीपायरीने बदलला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला व मुलीला मृताच्या मालमत्तेत मुलाबरोबरीचा वारसा दिला; एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र जन्मतः हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलीलाही दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो; त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही.

तरीही हक्क हातात येत नाही, कारण मध्ये हक्कसोडपत्र उभे असते. वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, बहिणींची नावे चढतात आणि लवकरच त्यांना सहीसाठी बोलावणे येते. सही केली तर ती गुणाची बहीण; वाटा मागितला तर भावाच्या वाईटावर उठलेली. माहेर तुटेल, भाऊबिजेला दार बंद होईल, ही भीती बोलून दाखवावी लागत नाही. साडीचोळीवर बोळवण होते आणि लाखोंची जमीन कागदावरून उतरते. भीतीपोटी केलेल्या सहीला त्याग म्हणणे हा बाईवरचा अन्याय आहे.

सासरी वेगळी अडचण असते. पती हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीवर पत्नीचे नाव आपोआप लागत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड महिला अधिवेशनापासून हा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन केली. नंतर राज्य शासनानेही लक्ष्मीमुक्ती योजनेखाली पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. समाजाने मनावर घेतले तर पुरुषही पुढे येतात, हे त्यातून दिसले.

म्हणून बदल अपेक्षेतच व्हायला हवा. वारसनोंद झाली की हक्कसोडपत्राची घाई न करता बहिणीला तिच्या वाट्याचे क्षेत्र आणि त्याची किंमत आधी सांगावी. विचाराला वेळ द्यावा. पतीने हयातीतच पत्नीचे नाव उताऱ्यावर आणावे. वाटा घेणाऱ्या बहिणीचे माहेरपण पूर्वीसारखेच राहावे. चांगली बहीण कोण हे तिच्या सहीवरून ठरवणाऱ्या समाजाने चांगला भाऊ कोण याचीही कसोटी ठरवावी: बहिणीने मागण्याआधी तिचा वाटा तिच्यापुढे ठेवणारा तो चांगला भाऊ.