चेहऱ्याच्या मज्जातंतूचा शोध

बागलाणांत मोसम नदीच्या कांठीं नामपूर नांवाचें गांव आहे. तेथील एका गृहस्थाच्या कानाखालीं बोराएवढी गांठ आली आहे, दुखत नाहीं, पण वाढते आहे, असें समजा. ‘गांठ काढावी लागेल’ हें ऐकतांच तो विचारतो, ‘तोंड वांकडें तर होणार नाहीं ना?’ प्रश्न रास्त आहे.

चेहऱ्याचे स्नायु हलविणारा मज्जातंतु कानामागील हाडाजवळच्या एका छिद्रांतून बाहेर पडतो व लागलीच कानापुढील लालापिंडांत शिरतो. पिंडाच्या पोटांतच त्याच्या पांच मुख्य शाखा होतात. डोळा मिटणें, हंसणें, तोंडांत घेतलेलें पाणी ओठांनीं अडविणें हीं सारीं त्यांचीं कामें. (सुश्रुतानें कानामागें खालीं ‘विधुर’ मर्म सांगितलें आहे, पण तेथील घावानें बहिरेपणा येतो एवढेंच तो म्हणतो.) गांठ या शाखांना बिलगलेली असते, म्हणून तंतु टाळून भागत नाहीं, तो आधीं शोधून उघडा करावा लागतो.

कानाच्या भोंकापुढील कूर्चा आंतल्या बाजूस टोंकदार होते. त्या टोंकापासून सुमारें १ सेंटिमीटर खोल व किंचित् खालीं तंतु सांपडतो. पण कूर्चा लवचीक. ओढली कीं खूण सरकते. कानामागील हाडांतील सांध्याची रेष सरकत नाहीं. तिच्या खालच्या टोंकापासून तंतु ६ ते ८ मिलिमीटर आंत असतो, म्हणून माझा भरंवसा तिच्यावर अधिक. गांठ नेमकी या जागींच बसली असेल तर उलट वाट धरतात : जबड्याच्या कडेची बारीक शाखा चेहऱ्याच्या शिरेवरून जाते तेथें गांठावयाची आणि तिच्या मागानें खोडापर्यंत जावयाचें.

हातीं लागलेला धागा तंतुच आहे काय, हें विजेच्या सूक्ष्म स्पर्शानें कळतें. ओठ किंवा पापणी थरारते. मात्र भूल देणाराच्या स्नायु शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल त्या वेळीं उरलेला नसावा, नाहींतर फसगत होते. तान्ह्या मुलांत कानामागील हाडाचा उंचवटा वाढलेला नसतो व तंतु कातडीच्या अगदीं जवळ असतो; तेथें नेहमीचा छेद धोक्याचा.

नामपूरच्या गृहस्थास सांगावयाचें तें हें : अशा बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात, आणि तंतु सहसा वांचतो. ओढाताणीमुळें ओठाचा कोपरा कांहीं आठवडे, क्वचित् कांहीं महिने, मंद राहूं शकतो. पण शस्त्रक्रियेपूर्वींच तोंड वांकडें होऊं लागलें असेल, तर कर्करोगाची शंका घेऊन विनाविलंब तपासणी करावी. भूल उतरतांच शस्त्रवैद्य त्याला दोनच गोष्टी करावयास सांगेल : डोळे घट्ट मीट, आणि दांत दाखव.