मूल नसलेल्या घराचे एकाकीपण



संतती न होणे ही दांपत्याची खाजगी बाब आहे. परंतु त्यापायी वाट्यास येणारे एकाकीपण ही साऱ्या गावाची बाब आहे. बारशाचे बोलावणे त्या घरी पोहोचत नाही. डोहाळजेवणात ओटी भरावयाची वेळ आली की त्या भगिनीस मागे सारले जाते. पुढे ती स्वतःच जाणे सोडते. पतीचे दुःख तर कोणी विचारीतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सहा प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. कारण स्त्रीमध्ये, पुरुषामध्ये वा दोघांमध्येही असू शकते. म्हणून वर्षभरात गर्भधारणा न झाल्यास दोघांचीही तपासणी व्हावयास हवी. दोष एकटीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

जोतिराव व सावित्रीबाई फुले यांना अपत्य नव्हते. त्यांनी एका विधवेच्या मुलास, यशवंतास, दत्तक घेतले. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर झालेल्या यशवंतांनी व सावित्रीबाईंनी रुग्णांची सेवा केली.

पंचायत सदस्यांनी आपल्या घरच्या हळदीकुंकवापासून आरंभ करावा. ओटीचा मान प्रत्येकीस द्यावा. शिक्षकांनी पालकसभेत हा विषय मांडावा. “गोड बातमी केव्हा?” हा प्रश्न आपण सर्वांनीच सोडून द्यावा. त्या दांपत्यानेही विश्वासाच्या एका तरी माणसाजवळ मन मोकळे करावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

उपचारास यश येईल वा न येईल. शेजाऱ्याचे दार मात्र उघडे असावे.