राणी हिराईच्या नगरीत पंडिता रमाबाई

झरपट आणि इरईच्या काठावरच्या आमच्या चंद्रपुरात आपले मनःपूर्वक स्वागत. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे असलेल्या गोंडकालीन परकोटाचा आम्हाला अभिमान आहेच. त्याहून मोठा अभिमान राणी हिराईचा. गोंड राजा बीरशाहाच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकाच्या आरंभी तिने दत्तक रामशाहाच्या नावे कारभार सांभाळला आणि अंचलेश्वर मंदिराजवळ पतीची भव्य समाधी बांधवली. चंद्रपूरबाहेर तिचे नाव फारसे कुणी घेत नाही, ही आमची जुनी खंत आहे.

हिराईचा आजच्या विषयाशी, पंडिता रमाबाईंशी, काय संबंध, असे कुणी विचारील. हिराईला अधिकार मिळाला तो राणी म्हणून, अपवाद म्हणून. रमाबाईंना तो प्रत्येक स्त्रीसाठी हवा होता. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी गौरवलेली, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केलेली ही विदुषी १८८२ मध्ये तान्ह्या मुलीसह विधवा झाली. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे तिने मागितल्या त्या स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर. दयेपेक्षा शिक्षण आणि स्वतःची कमाई, हा तिचा विचार होता. पुढे तिच्या केडगावच्या आश्रमातील छापखान्यात मुली खिळे जुळवू लागल्या, त्या याच विचारातून.

तिचे १८८७ चे पुस्तक उच्चवर्णीय स्त्रीपुरते होते, हा आक्षेप खरा आहे. काम मात्र तेवढ्यावर थांबले नाही: १८९६-९७ च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली आश्रयाला नेल्या, आणि आमचा चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. राहिला तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचा, धर्मांतराचा आक्षेप. आश्रमातल्या अजाण मुलींवर धर्माचा प्रभाव पडला का, हे जरूर तपासावे. पण सज्ञान स्त्रीने आपला धर्म निवडला म्हणून तिला परकी ठरवणे अन्याय्य आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच गावात हजारोंना धम्मदीक्षा दिली. त्या गावाने तरी हा आक्षेप उचलून धरू नये.

निवासात, भोजनात, मंडपातल्या पंख्यांत उणिवा राहिल्या असतील. त्या पोटात घाला. व्यापारी, शिक्षक, डॉक्टर, तांदूळ पाठवणारे शेतकरी आणि स्वयंपाकाचा भार उचलणाऱ्या बचत गटांच्या भगिनी यांचे ऋण मोठे आहे. गडचिरोलीच्या दुर्गम गावांतून आलेल्या भगिनींना चर्चेत आधी बोलू द्यावे, आणि परतण्यापूर्वी आपण सर्वांनी हिराईने बांधलेली समाधी पाहावी, ही विनंती.